दह्यावरची निवळ आणि मानेवरचा वण

वाचकांचे प्रश्न : उत्तरं देणार निवृत्त प्लास्टिक सर्जन

या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात ‘एक्झोसोम’ (पेशींतून बाहेर पडणाऱ्या बारीक पिशव्या) हा शब्द पाच जणांनी पाच तऱ्हांनी लिहिलाय. एका आजोबांनी तर ‘एक्स्ट्रा सोम’ लिहिलंय, म्हणजे सोमवारचा जादा उपास वाटावा. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी ३१ वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात काढली. तेव्हा स्टोव्हचे भडके असत, आता गॅस आणि गिझर, वण तेच. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून आज चारच घेते.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. १४ महिन्यांपूर्वी उकळतं दूध अंगावर सांडून तिची हनुवटीखालची बाजू, मान आणि उजवा खांदा भाजला. जखम भरायला पाच आठवडे लागले. आता तिथे जाड, लाल वण आहे. सारखी खाज सुटते. मान वर केली की खालचा ओठ ओढला जातो. शहरातल्या एका क्लिनिकमध्ये सांगितलं, की स्टेम सेलमधून निघालेला स्राव टोचला की वण विरघळतो. सहा सिटिंग, एकेक १८ हजारांची. माझं मंगळसूत्र मोडायची तयारी आहे. करू का? – एक आई, बार्शी

उत्तर : बाई, मंगळसूत्र गळ्यातच राहू द्या. कारणं सांगते, पण त्याआधी एक काम करा. आज रात्रीपासून मुलीची उशी काढून टाका. मान भाजलेल्या पोराला उशीइतका वैरी नाही. उशीवर हनुवटी छातीकडे येते, रात्रभर तशीच राहते आणि वण त्याच मापात आखडतो. त्याऐवजी खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी द्या, डोकं जरासं मागे झुकेल अशी. पहिल्या तीन-चार रात्री ती कुरकुरेल, तुमचीही झोप जाईल. होऊ द्या.

आता स्रावाचं. वण म्हणजे शरीरानं घाईघाईत उरकलेलं बांधकाम. जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी गवंड्यांसारख्या गोळा होतात आणि कोलॅजन या प्रथिनाचे धागे रचायला लागतात. त्यांतल्या काही पेशींना स्नायूसारखी ओढ येते. ज्युलिओ गब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या पेशी दाखवून दिल्या. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जखमेच्या कडा ओढून जवळ आणायचं काम त्यांचं, आणि ते झालं की त्यांनी मरून जायचं असतं. टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन इथला मुकादम. त्याचा हुकूम असेतो माल पडत राहतो. तीन आठवड्यांच्या आत भरलेली जखम बहुतेक वेळा सपाट वणावर भागते. त्याहून लांबली, की स्लॅब पडून गेला तरी मुकादम ‘टाका अजून’ म्हणत राहतो. तुमच्या लेकीला पाच आठवडे लागले, तिथेच हे ठरलं.

तुम्हाला जे विकायला काढलंय, त्याच्या मागचं विज्ञान खोटं नाही. खोटं असतं तर माझं काम सोपं होतं.

अस्थिमज्जा, चरबी, बाळाची नाळ यांत सापडणाऱ्या एका जातीच्या पेशींना अमेरिकेतल्या अर्नोल्ड कॅप्लान यांनी १९९१ मध्ये ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव दिलं. आशा अशी होती, की या पेशी शरीरात सोडल्या की त्या जाऊन बिघडलेल्या जागी नवी ऊती बांधतील. झालं भलतंच. शिरेतून दिलेल्या पेशी बहुतेक फुप्फुसांतच अडकून पडत. तरीही उंदरांच्या हृदयाला फायदा झालेला दिसे! २००९ मध्ये डार्विन प्रॉकॉप यांच्या प्रयोगशाळेनं याचा उलगडा केला. फुप्फुसात अडकलेल्या पेशी टीएसजी-६ नावाचं, दाह शमवणारं प्रथिन सोडत होत्या, आणि ते रक्तातून हृदयापर्यंत पोचत होतं. म्हणजे पेशी स्वतः कामावर गेलीच नव्हती, तिनं फक्त निरोप धाडला होता. कॅप्लान यांनी तर पुढे २०१७ मध्ये लेख लिहून सांगितलं, की या पेशींना ‘स्टेम सेल’ म्हणणं आता सोडा, मी दिलेलं नाव बदला. स्वतःच ठेवलेलं नाव मागे घ्यायला छाती लागते. आमच्या धंद्यात ती फार थोड्यांना असते.

मग साहजिकच विचार आला, की निरोपच हवा असेल तर पेशी कशाला टोचायच्या? नुसता निरोप द्यावा. दही लावल्यावर वर निवळ येते ना, तसं समजा. पेशी बाटलीत वाढवायच्या, एक-दोन दिवस साध्या द्रवात ठेवायच्या, मग पेशी गाळून टाकायच्या आणि वरची निवळ घ्यायची. त्या निवळीत विरघळलेली प्रथिनं असतात आणि एक्झोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. या पिशव्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या. आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. उंदरांवर, सशाच्या कानावर ही निवळ वापरली तेव्हा मुकादमाचा आवाज खाली आल्याचं, वण पातळ झाल्याचं अनेक प्रयोगशाळांना दिसलंय. हे मी मानते.

पण उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ पदर असतो. त्याची जखम बटव्याची नाडी ओढल्यासारखी आवळून बंद होते. आपली तशी होत नाही, आपली खालून भरून येते. त्यामुळे उंदराचा वण आणि तुमच्या मुलीचा वण यांची सोयरीक लांबची. दुसरं असं, की दह्याची चव घराघरांत वेगळी तशीच ही निवळ. पेशी कुणाच्या, कितव्या पिढीच्या, बाटलीत ऑक्सिजन किती, यावर आत काय उतरणार ते ठरतं. आणि गंमत म्हणजे त्या निवळीत दाह शमवणाऱ्या प्रथिनांबरोबर कधी कधी खुद्द टीजीएफ-बीटाही असतो! ज्याला गप्प करायचं त्यालाच पालखीत बसवून आणायचं. म्हणून तिथल्या डॉक्टरांना विचारा, की या कुपीत नेमकं काय आणि किती आहे. ‘ग्रोथ फॅक्टर्स आहेत’ हे उत्तर आलं तर नमस्कार करून उठा.

माणसांवर काहीच झालं नाही असंही नाही. कोरियात २०२० मध्ये २५ जणांवर एक नीट बेतलेला अभ्यास झाला. मुरमांचे खड्डे असलेल्या चेहऱ्याला दोन्ही बाजूंनी लेसर केलं. एका गालावर चरबीतल्या पेशींच्या एक्झोसोमचं जेल लावलं, दुसऱ्यावर साधं. १२ आठवड्यांनी खड्ड्यांचा गुणांक एका बाजूला ३२.५ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या बाजूला १९.९ टक्क्यांनी. बरा निकाल आहे. पण नीट बघा : माणसं २५, वण खोलगट, लेसर दोन्हीकडे, आणि जेल वरून लावलेलं. तुमच्या लेकीचा वण उंच, आखडणारा, मानेवरचा. आणि तिला टोचणार म्हणतायत. या कागदावरून त्या सहा सिटिंगना आधार मिळत नाही. क्लिनिकच्या भिंतीवर मात्र बहुधा हाच कागद लावलेला असेल.

मी एवढी सावध का, तेही सांगते. गर्भातल्या बाळाची कातडी सुरुवातीच्या महिन्यांत कापली तर वणाशिवाय भरते. का, तर तिथे टीजीएफ-बीटाचा तिसरा प्रकार जास्त आणि पहिला कमी असतो. त्यावरून मँचेस्टरच्या रेनोव्हो कंपनीनं तो तिसरा प्रकार इंजेक्शनात आणला. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सुरुवातीचे निकाल आले आणि आम्ही वॉर्डात ते अक्षरशः मोठ्यानं वाचले. चहा गार झाला होता, आठवतंय. फेब्रुवारी २०११ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला : साध्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा काडीचा फरक नाही. इतकं सुंदर तर्कशास्त्र, एकच शुद्ध प्रथिन, मापात दिलेलं, तरीही हे. इथे तर कुपीत शेकडो गोष्टी आहेत.

धोकाही आहेच. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेला जाहीर इशारा द्यावा लागला, कारण तिथल्या नेब्रास्का राज्यात एक्झोसोमच्या नावाखाली विनापरवाना माल दिलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. आपल्याकडे २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर हे संशोधन धरलं जातं आणि ते चाचणीच्या चौकटीतच करायचं. अशा चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, नैतिक समितीची परवानगी असते आणि रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. १८ हजारांची पावती फाडून कुणी ‘संशोधन’ करत असेल, तर एवढ्या एका गोष्टीवरून तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

मग करायचं काय? वणावर बोट दाबून सोडा. पांढरा पडून लगेच लाल झाला तर वण अजून जागा आहे, त्याला वळवता येईल. दीड-दोन वर्षांनी तो झोपतो, मग तो आहे तसाच राहतो. तुमच्या हातातले हे थोडे महिने सहा सिटिंगमध्ये घालवायचे नाहीत. मला पैशांपेक्षा या वेळेची जास्त काळजी आहे.

खोबरेल तेल घेऊन अंगठ्यानं वण पांढरा पडेपर्यंत दाबायचा आणि छोटे गोल फिरवायचे, दिवसातून तीन-चार वेळा. त्यावर सिलिकॉनची पट्टी, रोज किमान १२ तास. घामानं पुरळ आलं तर एक दिवस सुट्टी, पट्टी आणि कातडी दोन्ही साबणानं धुऊन पुन्हा. खांद्यावर दाबाचं जाकीट. आमच्या हॉस्पिटलमागच्या बोळात एक शिंपी होते, पोहण्याच्या पोशाखाच्या कापडाचं जाकीट शिवून द्यायचे. माप घेऊन त्यातून दोन बोटं कमी करायचे आणि म्हणायचे, ‘डॉक्टर, पोराला राग आला पाहिजे, श्वास अडकता कामा नये.’ इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही. दोन-तीन महिन्यांत कापड सैल पडतं, तेव्हा नवीन शिवायचं. जुनंच चालवलं तर नुसतं उकडतं, दाब पडत नाही.

पण ओठ ओढला जातोय ना, तो भाग तेलापट्टीनं सुटणारा नाही. तो आखडलेला पट्टा शस्त्रक्रियेनं सोडवून तिथे मांडीची कातडी लावावी लागेल, नाहीतर वाढत्या वयात जबडा आणि दात वाकडे होतात. प्लास्टिक सर्जनला याच महिन्यात दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड घेऊन चौकशी करा. आणि शाळेत तिला ओढणी गुंडाळून पाठवत असाल तर एकदा तिलाच विचारा, ओढणी तिला हवीय की तुम्हाला.

प्रश्न : वय २२. छातीवर मुरुमाच्या जागी गाठ आली. दोनदा कापली, दोन्ही वेळा आधीपेक्षा मोठी होऊन परत आली. आता एक्झोसोमची क्रीम ऑनलाइन मिळते आहे. शर्टाचं वरचं बटण उघडायची लाज वाटते. – एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : वयानं नातवासारखा आहेस म्हणून ‘तू’ म्हणते. तुला झालाय तो कीलॉइड. भाजल्याचा वण जखमेच्या हद्दीत राहतो, कीलॉइड शेजाऱ्याच्या वावरात बांध कोरत जातो. त्याला नुसतं कापणं म्हणजे गवत उपटून मुळ्या ठेवणं. परत येण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्तच. ज्यानं दुसऱ्यांदा तसंच कापलं त्याच्याबद्दल मी गप्प बसते.

माझ्या डाव्या कानावर बुगडी टोचल्याच्या जागी एक होता, हरभऱ्याएवढा. ट्रायअ‍ॅम्सिनोलोन नावाचं स्टिरॉइड थेट गाठीत टोचून घेतलं, दर चार आठवड्यांनी, पाच वेळा. पेशंटला ‘थोडंसं दुखेल’ म्हणत आलेली मी पहिल्या सुईला कळवळले. कच्च्या कैरीत सुई खुपसावी तसं वाटतं, औषध आत शिरतच नाही. आता सपाट आहे, बुगडी मात्र घालत नाही. तुझी गाठ मोठी असेल तर इंजेक्शनं, किंवा कापून एक-दोन दिवसांतच रेडिएशन सुरू करणं, असा जोडीनं उपाय करतात. त्वचारोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून ठरवायचं.

क्रीम घेऊ नकोस. धड असलेल्या कातडीचा वरचा थर इतका दाट असतो, की असल्या पिशव्या त्यातून खोल उतरत नाहीत. म्हणून तर कोरियावाल्यांनी आधी लेसरनं भोकं पाडली. तुझी डबी घराबाहेरच्या भिंतीला रंग देईल, आतल्या ओलीला नाही.

प्रश्न : नातू झाला तेव्हा ७० हजार भरून त्याच्या नाळेचं रक्त बँकेत ठेवलं. पुढे माझ्या बायपासच्या वणासाठी त्याचा स्राव काढता येईल का? – एक आजोबा, पुणे (‘एक्स्ट्रा सोम’ तुमचंच!)

उत्तर : नाही, आजोबा. प्रयोगांत वापरतात त्या बहुतेक पेशी नाळेच्या जेलीतल्या किंवा चरबीतल्या. तुमच्या डबीत रक्त आहे. शिवाय स्वतःच्या पुढच्या वापरासाठी असं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं त्याच मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय. बायपासचा वण झाकायला सदऱ्याचं एक बटण पुरतं.

प्रश्न : नवरा ३८ वर्षांचा. पंधरा वर्षांपासून खर्रा खातो. आता तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. तिखट लागलं की आग होते, भाकरी दुधात कुस्करून खातो. कोणी म्हणतं, गालात स्टेम सेलचं पाणी टोचलं की तोंड उघडते. – एक पत्नी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र खरं तर सगळ्यांत वर ठेवायला हवं होतं. हाही वणच आहे, फक्त गालाच्या आतला, आणि रोज नव्यानं पडणारा. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हे नाव चलनात येण्यात मुंबईचा वाटा आहे : कान-नाक-घशाचे सर्जन एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये टाळूच्या या आजाराचं वर्णन केलं. बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांना हा आजार पुस्तकात वाचावा लागतो, आपल्याला पानठेल्यावर दिसतो.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचं घोटलेलं मिश्रण. यातला खरा गुन्हेगार तंबाखूच्या आधी सुपारी. तिच्यातलं अ‍ॅरेकोलिन फायब्रोब्लास्टना कोलॅजन टाकायला लावतं आणि तिच्यातलं तांबं ते धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) जोर देतं. म्हणजे एक भिंत रचतो, दुसरा तिला सिमेंट देतो. वर चुना कातडी सोलत राहतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पन्नीत घोटून समोर मिळतो, आणि ‘बिनतंबाखूची सुपारी’ तर लोक मुखशुद्धी म्हणून पोरांच्याही हातावर ठेवतात. तीही तितकीच वाईट.

आता समजा, उद्या त्या निवळीचं उत्तम औषध निघालं. दिवसातून दहा वेळा गालात मुकादम बोलावणाऱ्या माणसाला ते काय करणार? नळ चालू ठेवून फरशी पुसायची. तेव्हा पहिला उपाय खर्रा बंद, पूर्ण बंद, आणि ‘कमी केलाय’ याला मी बंद धरत नाही. बंद केल्यावरही आखडलेलं सगळं सैल होत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे महिन्याभरानं ‘काही फरक नाही’ म्हणून पुन्हा पुडी सुटायची नाही.

दुसरं : त्यांना लगेच दंतवैद्यकाच्या मुखशल्यचिकित्सा विभागात न्या. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. गालात स्टिरॉइड आणि हायल्युरोनिडेज (ऊती सैल करणारं विकर) यांची इंजेक्शनं देतात, फार आखडलं असेल तर पट्टे कापून मोकळे करतात. मात्र त्याआधी तोंडातला कानाकोपरा तपासून घ्यायचा. केरळात १७ वर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांत ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला होता. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी तोंडातली जखम दिसली, तर तुकडा तपासायला द्यायचाच. कुणी न तपासता आत पेशींना चेतवणारं पाणी टोचायला निघालं, तर मला भीती वाटते ती याच जागी.

आणि घरी करायचं ते. मेडिकलमधून जीभ दाबायच्या लाकडी काड्या आणा, नाहीतर आइस्क्रीमच्या कांड्या उकळून वाळवून घ्या. पुढच्या दातांमध्ये मावतील तितक्या काड्यांची थप्पी सरकवायची. जेमतेम मावली की मधोमध एक काडी हळूच घुसवायची. ताण बसला पाहिजे, रक्त येता कामा नये. मिनिटभर धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा. सकाळ, दुपार, रात्र. पहिले आठ दिवस नवऱ्याच्या समोर तुम्ही बसा, कारण हे काम कंटाळवाणं आहे आणि कंटाळा आला की हात खिशाकडे जातो. कॅलेंडरवर रोज काड्यांचा आकडा लिहा. वॉर्डात माझा एक ड्रायव्हर पेशंट होता, नऊ काड्यांवरून सोळावर यायला त्याला पाच महिने लागले. सोळावी बसली त्या दिवशी तो अख्खा पेरू दातांनी तोडून खाऊन दाखवायला आला होता, बिया सगळ्या टेबलावर.

तुमच्याकडचा पहिला आकडा किती, तेवढा मला पोस्टकार्डावर कळवा.